पडद्यावरचे राजकारण आणि नागपूरचे लोकमत

एखाद्या नव्या साधनाने लोकांची मते बदलली, की लोकांच्या बदलू लागलेल्या मतांनीच त्या साधनाला बळ पुरविले, हा प्रश्न छापखान्याच्या काळापासून विचारला जात आला आहे. परंतु दूरचित्रवाणीच्या बाबतीत तो विशेष बिकट ठरतो, कारण हे साधन आपल्या देशात अवतरले ते सरकारी खात्याची एक शाखा म्हणून, फोफावले ते जाहिरातदारांच्या आश्रयाने, आणि त्याच्या सामर्थ्याविषयीचा फैसला मात्र दिला जातो तो निवडणुकीच्या आकड्यांवरून. टीव्हीनेच सरकारे आणली आणि टीव्हीनेच ती घालविली, असे मानणारा एक पक्ष आहे. मतदार काय पाहायचे ते पाहतो आणि करायचे तेच करतो, असे मानणारा दुसरा. या वादाची रुजवात बहुधा दिल्ली-मुंबईच्या दाखल्यांवरून होते. ती नागपूरच्या दाखल्यांवरून करून पाहण्याचे येथे योजिले आहे. कारण एके काळी मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असलेले आणि आता उपराजधानीच्या मानावर समाधान मानणारे हे शहर राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे जन्मस्थान आहे, दीक्षाभूमीचे क्षेत्र आहे, कापूस पिकविणाऱ्या एका मोठ्या मुलखाची बाजारपेठ आहे, आणि इतके सारे असूनही त्याचे पडद्यावरील रूप ठरते ते मुख्यतः मुंबईत व दिल्लीत.

दूरचित्रवाणी येण्यापूर्वी नागपुरास लोकमत नव्हते असे कोणी म्हणणार नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने १९११ साली सुरू केलेला ‘हितवाद’, गोपाळराव ओगल्यांचा ‘महाराष्ट्र’, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या संपादकत्वाखालील ‘तरुण भारत’, महालातील चिटणीस पार्क आणि कस्तुरचंद पार्कवरच्या सभा, १९४८ च्या जुलैत सुरू झालेले आकाशवाणी केंद्र, आणि या सर्वांतून आलेल्या मजकुराची उलटतपासणी करणारा गल्लोगल्लीचा पानठेला, अशी त्या लोकमताची व्यवस्था होती. १९५३ चा नागपूर करार याच व्यवस्थेत चर्चिला गेला. १९५६ साली राजधानीपण गेल्याची सल याच व्यवस्थेत जपली गेली. आणि १९७१ साली जांबुवंतराव धोटे यांच्यासारखा विदर्भवादी वक्ता फॉरवर्ड ब्लॉकच्या तिकिटावर नागपुरातून लोकसभेवर गेला तो, महाराष्ट्रात कोठेही पडदा लागलेला नसताना, केवळ सभा आणि मोर्चे यांच्या बळावर. भावनेची लाट उसळविण्यास दूरचित्रवाणी अनिवार्य आहे, या समजुतीस छेद देण्यास हा एकच दाखला पुरेसा व्हावा.

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले आणि मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजी केंद्र मिळाले. या नव्या साधनाचा राजकीय वापर कसा होऊ शकतो, याची पहिली जाणीव देशाला आणीबाणीत झाली. आणि १९७७ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधकांची सभा असताना लोकांनी घरीच बसावे म्हणून दूरदर्शनवर ‘बॉबी’ चित्रपट दाखविण्यात आला, ही हकीकत तर आता राजकीय दंतकथेच्या पदवीला पोचली आहे. चित्रपट दाखवूनही मैदान भरले आणि सरकार पडले. नागपुरात तेव्हा दूरचित्रवाणीचे युग उजाडायचे होते, आणि तेथे निकाल लागला तो उत्तर हिंदुस्थानाच्या अगदी उलट : काँग्रेसचे गेव्ह आवारी निवडून आले. सारांश, जेथे पडदा होता तेथे त्याचे फर्मान कोणी जुमानले नाही, आणि जेथे तो नव्हता तेथील मतदाराने आपल्या स्थानिक हिशेबाने कौल दिला.

नागपुरास दूरचित्रवाणी लाभली ती इन्सॅट उपग्रहांच्या योजनेतून. आंध्र, बिहार, गुजरात, महाराष्ट्र, ओरिसा आणि उत्तर प्रदेश या सहा राज्यांतील निवडक ग्रामीण टापूंसाठी शेती, आरोग्य आणि शिक्षण या विषयांचे कार्यक्रम निर्माण करावेत, या हेतूने जी मोजकी उपग्रह दूरदर्शन केंद्रे उभारली गेली, त्यांत सेमिनरी हिल्सवरील नागपूरचे केंद्र होते. म्हणजे विदर्भात या साधनाचा प्रवेश शेतकऱ्याचे माध्यम म्हणून झाला, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. परंतु हा हेतू मूळ धरतो न धरतो तोच १९८२ च्या १५ ऑगस्टपासून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. १९८४ साली लघुशक्ती प्रक्षेपकांचा धडाका लागला. आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरनंतरचे दिवस इंदिरा गांधींच्या पार्थिवाचे दर्शन घेत देशाने पडद्यासमोर काढले. डिसेंबरच्या निवडणुकीत काँग्रेसने चारशेचा आकडा ओलांडला. त्या सहानुभूतीत दूरदर्शनचा वाटा होता हे कोण नाकारील? पण शोक हा मुळातच होता. दूरदर्शनने तो एकाच वेळी, एकाच रूपात सर्वांस भोगावयास लावला, एवढेच निश्चयाने म्हणता येते. त्याच सुमारास पी. सी. जोशी समितीने दूरदर्शनचे दिल्लीकेंद्रित स्वरूप मोडून ते विकासाचे व प्रदेशांचे साधन करावे अशी भूमिका मांडली. तिचा अहवाल पुष्कळ वाखाणला गेला आणि अंमलात थोडा आला.

यानंतरचे प्रकरण सर्वांत वादग्रस्त आहे. २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झालेली ‘रामायण’ मालिका आणि तिच्या पाठोपाठ आलेले ‘महाभारत’ यांनी रविवार सकाळच्या रस्त्यांवर शुकशुकाट पसरविला. आणि याच कालखंडात भारतीय जनता पक्ष लोकसभेतील दोन जागांवरून १९८९ साली ८५ वर आणि १९९१ साली १२० वर पोचला. सीतेची भूमिका करणारी अभिनेत्री आणि रावणाची भूमिका करणारा नट, दोघेही १९९१ साली गुजरातेतून त्याच पक्षातर्फे खासदार झाले. अरविंद राजगोपाल यांनी आपल्या ग्रंथात मालिका आणि पक्षाची ही वाढ यांचा संबंध विस्ताराने तपासला आहे, आणि मालिकेने मते दिली असे ढोबळ विधान न करता, तिने निरनिराळ्या भाषांच्या व थरांच्या प्रेक्षकांस एक समाईक सांस्कृतिक भूमी मिळवून दिली व राजकारणाने तिचा उपयोग करून घेतला, असा सूक्ष्म विचार मांडला आहे.

हे प्रमेय नागपूरच्या कसोटीवर घासून पाहिले असता काय दिसते? ज्या शहरात संघाची स्थापना झाली, जेथे ‘रामायण’ काही कमी भक्तिभावाने पाहिले गेले नाही, त्या शहराने १९८९ साली काँग्रेसचे बनवारीलाल पुरोहित यांना निवडले. पुढे राममंदिराच्या प्रश्नावर पुरोहितांनी काँग्रेस सोडली आणि १९९१ साली ते भाजपचे उमेदवार म्हणून उभे राहिले, तेव्हा त्याच मतदारांनी त्यांना घरी बसवून काँग्रेसचे दत्ता मेघे यांना लोकसभेत पाठविले. भाजपला नागपूर लाभले ते १९९६ साली, म्हणजे मालिका संपून काही वर्षे लोटल्यावर. आणि उपग्रह वाहिन्यांचा सुकाळ झाला त्या १९९८ ते २००९ या काळातील चारही निवडणुका विलास मुत्तेमवार यांनी काँग्रेससाठी जिंकल्या. त्यांपैकी २००४ ची निवडणूक ‘इंडिया शायनिंग’च्या जाहिरातींनी पडदे उजळून निघाले असतानाची होती. २०१४ पासून नितीन गडकरी तेथून निवडून येत आहेत. पण त्याचेही श्रेय एकट्या पडद्यास देता येणार नाही, कारण पडदा तोच होता आणि कौल मात्र दोन्ही बाजूंनी पडत आला. हलबा कोष्टी, कुणबी, तेली, दलित आणि मुसलमान वस्त्यांची गणिते, उमेदवाराचा संपर्क, पक्षाची बूथवरची बांधणी आणि सरकारविषयीचा राग वा लोभ हेच त्या कौलाचे जुने आधार होत.

पाश्चात्त्य अभ्यासकांचा अनुभवही फारसा निराळा नाही. पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या अमेरिकन निवडणुकीत ओहायोतील एका परगण्याचा अभ्यास केला, तेव्हा प्रचाराने मत बदलणारे थोडे आणि आधीचेच मत पक्के करून घेणारे अधिक आढळले. शिवाय माध्यमातला मजकूर बहुतेकांपर्यंत थेट न पोचता परिचयातल्या जाणत्या माणसाच्या तोंडून पोचतो, असेही दिसून आले. नागपूरच्या पानठेल्यावर उभे राहिलेल्या कोणासही या सिद्धान्तासाठी अमेरिकेस जावे लागले नसते. रात्रीची चर्चा सकाळी तेथे नव्याने मांडली जाते, तिच्यावर ‘काऊन बाप्पा, असं असते काय?’ अशी हरकत घेतली जाते, आणि त्या तपासणीतून जे उरते तेच मत म्हणून पुढे चालते. मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८ च्या निवडणुकीवरून काढलेला निष्कर्ष मात्र याहून पुढे जातो : कोणत्या प्रश्नावर विचार करावयाचा, त्या प्रश्नांचा क्रम माध्यमे ठरवितात. आमच्या मते दूरचित्रवाणीच्या सत्तेचे मर्म येथेच आहे. तिचे नियंत्रण कौलावर थोडे आणि दखलीवर फार. कोणाचे दुःख सार्वजनिक मानावयाचे आणि कोणाचे खाजगी, याचा निवाडा ती रोज करते, आणि या निवाड्यावर अपील करण्याची सोय कोणत्याही कायद्यात नाही.

हे दखलीचे राजकारण विदर्भाने एकाच वर्षात, २००६ साली, किती प्रकारे अनुभवले! त्या वर्षी कापूस उत्पादकांच्या आत्महत्या ऐन भरात असताना मुंबईत फॅशन सप्ताह भरला. सुती वस्त्रे हाच त्याचा विषय होता आणि त्यासाठी ५१२ पत्रकारांची नोंद झाली होती, तर तो कापूस पिकविणाऱ्यांच्या मरणाची बातमी घेण्यास विदर्भात आलेले बाहेरचे वार्ताहर बोटांवर मोजण्याइतके होते, ही विसंगती पी. साईनाथ यांनी पुढे सभांतून वारंवार मांडली. जूनअखेर पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली, तेव्हा कॅमेरे आले. पंतप्रधान परतले, तेव्हा तेही परतले. २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची अमानुष हत्या झाली. तीन दिवसांनी नागपुरात दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षाचा विजयादशमी सोहळा होऊन लाखोंचा समुदाय जमला होता; तरीही या हत्याकांडास देशाच्या पडद्यावर खरे स्थान मिळाले ते नोव्हेंबरात, नागपूर, कामठी, अमरावती येथे लोक रस्त्यावर उतरल्यानंतर. त्याच वर्षी दिल्लीतील जेसिका लाल खून खटल्यात आरोपी सुटताच वाहिन्यांनी मोहीम उघडली आणि डिसेंबरात उच्च न्यायालयाने आरोपीस दोषी ठरविले. दिल्लीत पडदा लोकमताच्या पुढे चालला. विदर्भात लोकमताला पडदा ओढून आणावा लागला.

या पक्षपाताचे कारण केवळ संपादकांच्या मनोवृत्तीत शोधणे सोपे, पण अपुरे आहे. त्या काळी प्रेक्षकसंख्येची जी मोजणी होत असे, तिची यंत्रे शहरांतील घरांत बसविलेली असत. खेड्याला तिच्यात स्थान नव्हते. ‘बार्क’ या संस्थेने ग्रामीण घरे मोजणीत घेतली ती २०१५ साली. मोजणीत नाही तो जाहिरातदारास दिसत नाही. जाहिरातदारास जो दिसत नाही त्याच्यासाठी बातमीचा खर्च करणे वाहिनीस परवडत नाही. आणि अशा रीतीने राळेगावचा किंवा पांढरकवड्याचा शेतकरी, स्वतःच्या घरात संच असूनही, हिशेबी अर्थाने प्रेक्षकच नव्हता. सरकारी मक्तेदारी मोडली म्हणजे जनतेची सत्ता येईल अशी जी आशा होती, तिची ही मर्यादा होय. प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला, प्रसार भारतीचा कायदा १९९७ साली अंमलात आला. पण मालमत्ता सार्वजनिक आणि वहिवाट मात्र थोड्यांची, अशी स्थिती राहिली. ‘अल्फा मराठी’, ‘ई टीव्ही मराठी’ आणि नंतर ‘झी २४ तास’, ‘स्टार माझा’, ‘आयबीएन-लोकमत’ अशा वाहिन्यांनी मराठीत राजकीय चर्चेचा नवा दरबार भरविला, पण त्यांपैकी बहुतेकांचा मुख्य कारभार मुंबईतून चालला. विदर्भाची बातमी झळकते ती वाघ, नक्षल, ऊन, पूर आणि आत्महत्या या पाच सदरांत. येथील विचार, वाद आणि रोजचा कारभार यांना सहावे सदर उघडलेले नाही.

मतदारापेक्षाही या साधनाने अधिक बदलून टाकले ते पुढाऱ्यांस, आणि हे पाहण्यासाठी हिवाळी अधिवेशनासारखी जागा नाही. नागपूर कराराच्या पोटी आलेल्या या अधिवेशनाचा हेतू विदर्भाचे प्रश्न सरकारदरबारी जवळून मांडता यावेत हा होता. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी विधानभवनाकडे निघालेल्या गोवारी बांधवांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले, तेव्हा खाजगी वृत्तवाहिन्यांच्या गाड्या नव्हत्या. तो आक्रोश वृत्तपत्रांतून आणि माणसांच्या तोंडून महाराष्ट्रभर पोचला, मधुकर पिचडांस मंत्रिपद सोडावे लागले, आणि सीताबर्डीच्या उड्डाणपुलाने त्या हुतात्म्यांचे नाव धारण केले. आज विधानभवनाच्या पायऱ्यांवर आमदार संत्री, कापसाच्या माळा आणि फलक घेऊन कॅमेऱ्यांपुढे घोषणा देतात, आणि मग सभागृहात जातात. काही वेळा तर पायऱ्यांवरचाच कार्यक्रम मुख्य होऊन सभागृह तहकूब होते. मोर्चा मॉरिस कॉलेज चौकात अडविला जाण्याची वहिवाट जुनीच. आता तो अडविला जाण्याचे चित्र संध्याकाळच्या बातम्यांच्या आत मिळावे, हीही आयोजकांची एक चिंता असते. यातील विनोद सोडला तर उरते ते गंभीर आहे : लक्षवेधी सूचना लिहिण्यास अभ्यास लागतो, फलक धरण्यास तो लागत नाही; आणि पडदा मोल देतो ते दुसऱ्यास.

विजयादशमीच्या दिवशी नागपूरची दोन मैदाने या विषयाचा जणू प्रयोगच करून दाखवितात. रेशीमबागेतील सरसंघचालकांचे भाषण पूर्वी वृत्तपत्रांतून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाचावयास मिळत असे. ३ ऑक्टोबर २०१४ रोजी ते दूरदर्शनने थेट प्रक्षेपित केले, आणि सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या वाहिनीने एका संघटनेच्या प्रमुखास हे व्यासपीठ द्यावे काय, असा वाद देशभर उसळला. भाषण बातमीच्या मोलाचे होते म्हणून दाखविले, असे सरकारपक्षाचे उत्तर होते. त्याच दिवशी पंतप्रधानांच्या ‘मन की बात’चा पहिला भाग आकाशवाणीवर झाला, हा योगायोगही नोंदण्यासारखा आहे. पुढे ७ जून २०१८ रोजी माजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी रेशीमबागेत आले, तेव्हा त्यांच्या कन्या शर्मिष्ठा यांनी आदल्याच दिवशी इशारा दिला होता की भाषण विसरले जाईल आणि चित्रे तेवढी राहतील. मुखर्जींनी राष्ट्र, राष्ट्रवाद आणि देशभक्ती यांवर बहुविध भारताची बाजू मांडणारे भाषण केले. अनेक वाहिन्यांनी ते अथपासून इतिपर्यंत दाखविले. आणि काही तासांतच त्यांना संघाची टोपी घातलेले बनावट छायाचित्र देशभर फिरू लागले. माध्यमशास्त्राच्या ग्रंथांतून जे क्लिष्ट भाषेत सांगितले जाते, ते कन्येच्या त्या एका वाक्यात आले होते.

शहराच्या दुसऱ्या मैदानावर, दीक्षाभूमीवर, विजयादशमीच्याच दिवशी लोटणाऱ्या जनसागरास मोठ्या वाहिन्यांनी वर्षानुवर्षे बातमीपत्रातील काही क्षण दिले. त्याचे उत्तर निषेधाच्या ठरावापुरते राहिले नाही. ‘लॉर्ड बुद्धा टीव्ही’ आणि ‘आवाज इंडिया’ यांसारख्या वाहिन्या नागपुरातूनच उभ्या राहिल्या आणि दीक्षाभूमीचा सोहळा घराघरांत नेऊ लागल्या. ‘मूकनायक’ काढणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांनी हे करावे यात परंपरेचे सातत्य आहे. ‘यूसीएन’सारख्या स्थानिक केबलजालानेही महानगरपालिकेची नळ-गटारे आणि प्रभागाचे प्रश्न पडद्यावर आणले. साधन ज्याच्या हाती, त्याची दखल; हा नियम कडू असला तरी तो दोन्ही दिशांनी लागू पडतो, आणि त्यातच काही आशा आहे.

राहिला प्रश्न कायद्याचा आणि नव्या काळाचा. मतदानापूर्वीचे ४८ तास प्रचार बंद ठेवण्याची तरतूद लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ मध्ये आहे. पण अनेक टप्प्यांच्या निवडणुकीत नागपूर पहिल्या टप्प्यात मतदान करीत असताना अन्य राज्यांतील सभा पडद्यावर थेट चालू असतात, आणि चौकात शांतता व दिवाणखान्यात प्रचार असा विचित्र बंदोबस्त होतो. मतदानोत्तर अंदाजांची कथा तर ताजी आहे : २०२४ च्या १ जूनला बहुतेक वाहिन्यांनी सत्ताधारी आघाडीस साडेतीनशेच्या वर जागा देऊ केल्या, प्रत्यक्षात २९३ मिळाल्या, आणि विदर्भाच्या दहापैकी सात जागा महाविकास आघाडीकडे गेल्या. संविधानाविषयीची भीती आणि कापूस-सोयाबीनच्या भावाची चीड वस्त्यांतून व भ्रमणध्वनींतून फिरत होती; स्टुडिओतील चर्चांस तिचा अंदाज आला नाही. पाच-सहा महिन्यांत विधानसभेला त्याच विदर्भाने उलटा कौल दिला, हे त्यासोबतच सांगितले पाहिजे. भ्रमणध्वनीचे हे नवे राज्य अधिक निर्मळ आहे असेही नाही. १७ मार्च २०२५ रोजी महाल भागात दंगल उसळली, तेव्हा औरंगजेबाच्या कबरीच्या वादात चित्रपटाने चाळविलेल्या भावना, वाहिन्यांवरील आरडाओरड आणि हातोहाती फिरणारी दृश्ये यांची सरमिसळ झालेली होती. ‘छावा’ चित्रपटाने औरंगजेबाविषयीचा रोष पुन्हा जागविल्याचे खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. पानठेल्यावर जी हरकत घेतली जात असे, तिला या वेगात अवकाशच उरत नाही.

तेव्हा निष्कर्ष असा की, नागपूरच्या मतदाराने चार दशकांत पडद्याची आज्ञा क्वचितच पाळली, पण पडद्याने घालून दिलेला विषयक्रम मात्र पुष्कळदा मुकाट्याने स्वीकारला; आणि पुढाऱ्यांनी तर आपले वागणेच त्याच्या सोयीने बेतले. म्हणून निवडणुकीच्या काळात कोणत्या पक्षास किती मिनिटे मिळाली, या मोजणीवर सारा भर देणारे सुधारक रोगाच्या एका लक्षणाशीच झगडत आहेत. उरलेल्या साडेचार वर्षांत कोणता मुलूख, कोणता धंदा, कोणती वस्ती पडद्यावर आली, याचा हिशेब मागितला पाहिजे. त्यासाठी नवी संस्था शोधावयास नको. सेमिनरी हिल्सवरील केंद्र ज्या हेतूने उभारले गेले, तो हेतू कागदावरून अजून खोडला गेलेला नाही. त्या केंद्रास विदर्भाच्या बातमीसाठी स्वतंत्र वेळ, पुरेसे वार्ताहर आणि मंत्रालयाच्या हुकमाबाहेरची मुखत्यारी द्यावी, हिवाळी अधिवेशनातील विदर्भाच्या प्रश्नांवरील चर्चा पायऱ्यांवरच्या घोषणांहून अधिक वेळ दाखवावी, आणि मागणी करणाऱ्यांनीही ती उपराजधानीचा मान म्हणून न करता प्रेक्षक व करदाते या नात्याने हक्काने करावी. मत कोणास द्यावे हे विदर्भाच्या माणसास कोणी शिकविण्याची गरज नाही. आपल्या प्रश्नांचा क्रम आपण ठरविण्याची सोय तेवढी त्याला हवी आहे.